वाचकांचे प्रश्न : डंपिंगची तक्रार आणि नियामकाचा हिशेब

प्रश्न : परदेशी माल पडेल भावात येतोय. नियामकाकडे अर्ज केला, तर तो लगेच अँटी-डंपिंग शुल्क लावू शकतो का?

उत्तर : बहुतेक ठिकाणी नाही. भारतात व्यापार उपाय महासंचालनालय चौकशी करून शिफारस करतं; शुल्क लावायचं की नाही, हे अर्थ मंत्रालय ठरवतं. अमेरिकेत डंपिंग, म्हणजे मायदेशातल्या भावापेक्षा स्वस्तात परदेशी विकणं, किती झालं ते वाणिज्य खातं मोजतं, तर देशी उद्योगाचं नुकसान झालं का, हे सहा सदस्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार आयोग ठरवतो. मतं समसमान पडली तर कौल उद्योगाच्या बाजूनं धरतात!

‘लगेच’ तर विसराच. जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांनुसार चौकशी सुरू झाल्यापासून ६० दिवस तात्पुरतं शुल्कही लावता येत नाही. पूर्ण चौकशी एरवी वर्षभरात उरकायची असते, फार तर १८ महिने. शिवाय अर्जामागे देशातल्या एकूण उत्पादनापैकी किमान २५ टक्के माल बनवणारे उत्पादक हवेत, आणि मत नोंदवणाऱ्या उत्पादकांत अर्जाला पाठिंबा देणाऱ्यांचं उत्पादन विरोधकांपेक्षा जास्त हवं. एकट्या छोट्या कारखान्याचा अर्ज बहुधा इथेच अडतो.

प्रश्न : डंपिंग नेमकं मोजतात कसं?

उत्तर : मायदेशातली आणि निर्यातीची, अशा दोन्ही किमती कारखान्याच्या दारापर्यंत मागे न्यायच्या आणि मगच तुलना करायची. समजा, निर्यातदार आपल्या देशात किलोला ११० घेतो. त्यातून वाहतुकीचे ७ आणि सवलतीचे ३ वजा केले की उरले १००. निर्यातीचा भाव ८६, त्यातून बंदरापर्यंतचा खर्च ६ गेला की ८०. फरक २०. तो निर्यात किमतीवर, म्हणजे ८० वर काढायचा : २५ टक्के. हेच डंपिंगचं मार्जिन. अर्जदार हटकून चुकतात ते इथे. ११० मधून काहीच वजा न करता थेट ८० शी तुलना केली, की मार्जिन ३७.५ टक्के दिसतं आणि पडताळणीत पहिल्याच दिवशी कोसळतं. मार्जिन २ टक्क्यांच्या खाली निघालं तर चौकशी तिथेच बंद.

मार्जिन २५ टक्के निघालं म्हणून शुल्कही तेवढंच लागेल असं नाही. देशी उद्योगाला तग धरायला १०२ चा भाव पुरतो आणि आयात माल ९० ला पोचतो, असं धरा. तूट १२, म्हणजे ९० वर सुमारे १३.३ टक्के. भारतात दोन्हींपैकी कमी तेवढंच शुल्क सुचवतात. अमेरिका पूर्ण मार्जिन लावते.

प्रश्न : आकडे खरे असूनही अर्ज फेटाळले का जातात?

उत्तर : तोटा दाखवणं सोपं, तो आयातीमुळेच झाला हे दाखवणं अवघड. मागणी घटली, यंत्रं बंद पडली, स्वतःची निर्यात आटली, तर ते नुकसान वेगळं काढावं लागतं. नियामकाची खरी ताकद इथे कळते. त्याच्याकडे कॉस्ट अकाउंटंट हवेत, आणि बीजकापासून खतावणीपर्यंत एकेक नोंद जुळवून पाहायला माणसं हवीत. ती कमी असली की कोर्टात निकाल टिकत नाही. अर्जदारानं निदान एवढं करावं : खर्चाचा तक्ता लेखापरीक्षित ताळेबंदाशी जुळवूनच द्यावा, आणि गोपनीय आकड्यांचा उघड सारांश सोबत जोडावा.