महिन्याला १,३८९ रुपये: ठेवावे की थांबवावे?

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे. त्याच्याकडे एक्सबॉक्स सिरीज एस हे मायक्रोसॉफ्टचे गेम खेळण्याचे यंत्र आहे आणि गेम पास या त्यांच्या वर्गणीवर गेम देणाऱ्या सेवेच्या 'अल्टिमेट' योजनेचे पैसे दरमहा माझ्या कार्डावरून आपोआप कापले जातात. पूर्वी ते ८२९ रुपये होते. ऑक्टोबर २०२५ च्या दरवाढीनंतर १,३८९ झाले. मी योजना बंद करू म्हणते. त्यावर तो सांगतो की एकच नवा गेम विकत घ्यायचा तरी चार-पाच हजार लागतात आणि इथे चारशेहून अधिक गेम मिळतात. त्याचे म्हणणे खरे आहे का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : त्याचे म्हणणे खरे आहे, पण अर्धेच. आपल्या हिशेबाने पाहिले तर वर्षाचे पूर्वी ९,९४८ रुपये जात होते, ते त्या दरवाढीनंतर १६,६६८ झाले. आणि एवढ्या रकमेत पूर्ण किमतीचे तीन-चार नवे गेम कायमचे घरात येतात. तेव्हा चारशे गेमचा आकडा बाजूला ठेवून आपला मुलगा वर्षभरात त्यांतले किती गेम खरोखर खेळतो, हे आधी पाहायला हवे.

ते पाहणे अवघड नाही. एक्सबॉक्सवर बहुतेक गेमच्या माहितीत तो किती वेळ खेळला गेला याची नोंद असते. एका रविवारी त्याच्या शेजारी बसून गेल्या तीन महिन्यांत उघडलेले गेम आणि त्यांचे तास वहीत उतरवून घ्या; तपासणी म्हणून नव्हे, तर दोघांनी मिळून करायचा हिशेब म्हणून. बहुतेक तास एकाच फुटबॉलच्या किंवा फोर्टनाइटसारख्या गेमवर गेलेले दिसले, तर अल्टिमेटवरचा बराचसा पैसा वाया जात आहे असे मी नि:शंकपणे म्हणेन. फोर्टनाइट मुळातच फुकट आहे आणि असे फुकटचे गेम ऑनलाइन खेळण्यासाठी एक्सबॉक्सवर एप्रिल २०२१ पासून कोणतेही सभासदत्व लागत नाही. विकतचा गेम मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायचा असेल, तर मात्र सभासदत्व हवे. पण तेवढ्यासाठी ऑक्टोबर २०२५ च्या दरपत्रकातली ४९९ रुपयांची 'इसेन्शियल' योजना पुरते. उलट, दर महिन्याला दोन-तीन वेगवेगळे गेम मन लावून खेळलेले दिसले, तर मुलाची बाजू भक्कम आहे हे मान्य करावे लागेल.

चारशे गेमांबद्दल आणखी एक गोष्ट. सिरीज एसच्या ५१२ जीबीच्या मूळ आवृत्तीत प्रत्यक्ष वापरायला सुमारे ३६४ जीबी जागा मिळते आणि आजचे मोठे गेम एकेकटे शंभर जीबीच्या आसपास जातात. म्हणजे एका वेळी यंत्रात तीन-चार मोठे गेम मावतात. पुढचा उतरवायचा तर आधीचा पुसावा लागतो. शिवाय या यंत्राला डिस्क घालण्याची सोयच नाही, त्यामुळे जुनी डिस्क स्वस्तात घेऊन खेळून झाल्यावर विकण्याचा मार्ग आपल्याला बंद आहे. मुलाच्या बाजूने बोलायचे तर हा मुद्दा त्याने मांडायला हवा होता, कारण डिस्कवाल्या यंत्राच्या मालकापेक्षा सिरीज एसच्या मालकाला अशा सेवेची गरज खरोखरच जास्त असते.

दुसरे असे की या यादीतले गेम आपले होत नाहीत. लहानपणी वाचनालयाची वर्गणी भरत असू तेव्हा परतीच्या तारखेआधी पुस्तक संपवण्याची घाई असे. इथली परतीची तारीख तर दुसराच कोणी ठरवतो. ग्रँड थेफ्ट ऑटो ५ हा गेम जानेवारी २०२० मध्ये गेम पासवर आला आणि मे महिन्यात गेला. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा आला आणि ऑगस्टमध्ये पुन्हा गेला. मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे गेम सहसा टिकतात, बाहेरच्या कंपन्यांचे करारानुसार येतात-जातात. लवकरच जाणाऱ्या गेमांची यादी ॲपमध्ये आधी दिसते. ती पाहण्याची सवय मुलाने लावून घ्यावी.

आता प्रश्न कोणत्या योजनेचा. ऑक्टोबर २०२५ च्या दरपत्रकात १,३८९ रुपयांच्या अल्टिमेट आणि ६९९ रुपयांच्या 'प्रीमियम' योजनेतला मुख्य फरक असा होता, की मायक्रोसॉफ्टचे नवे गेम अल्टिमेटवर बाजारात येण्याच्या पहिल्या दिवशी येत, तर प्रीमियमवर वर्षभराच्या आत येत आणि त्यातून कॉल ऑफ ड्यूटी ही युद्धाच्या गेमांची मालिका वगळलेली होती. अल्टिमेटमध्ये ईए प्ले (ईए या कंपनीच्या गेमांचा संच) अशा आणखी काही गोष्टी जोडल्या आहेत, हे खरे. पण मुलाला त्यांचा उपयोग नसेल तर पहिल्या दिवसाची उत्सुकता त्या दराने आपल्याला वर्षाला ८,२८० रुपयांना पडते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला हा आकडा जरूर दाखवावा. (त्याच्या वयात मला तो पटला नसता, ही गोष्ट वेगळी.)

माझा सल्ला असा, की अल्टिमेट बारा महिने चालू ठेवू नये. मे महिन्याची सुटी, दिवाळीची सुटी आणि एखाद्या हव्याहव्याशा गेमचा महिना असे तीनच महिने घेतले, तर त्या दराने ४,१६७ रुपये लागतात आणि तेवढ्यात हौस भागते. महिना सुरू झाला की त्याच दिवशी आपोआप नूतनीकरण बंद करून टाकावे; भरलेल्या पैशांची मुदत संपेपर्यंत गेम चालूच राहतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशी रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेकडून संदेश यावा लागतो, मात्र १५,००० रुपयांपर्यंतच्या रकमेला दर वेळी ओटीपी लागत नाही, म्हणून तो संदेश न वाचता पुसला की पैसे गेलेच समजा. दर बदलत असतात, तेव्हा पुन्हा पैसे भरण्यापूर्वी त्या दिवशीचा दर पाहून घ्या.

सेवा बंद केली की आपण जिथवर पोहोचलो ते सारे पुसले जाईल, ही भीती मुलगा कदाचित बोलून दाखवेल. तसे होत नाही. खेळातली प्रगती त्याच्या खात्यावर साठवलेली राहते. सहा महिन्यांनी सभासदत्व घेतले किंवा तोच गेम सवलतीत विकत घेतला, तरी तो थांबला होता तिथूनच पुढे सुरू होतो.