संग्राहकांचे प्रश्न : जुने लष्करी सर्व्हायव्हल किट ओळखताना

प्रश्न : मी नुकतेच हिरव्या कापडी पाकिटातले एक अमेरिकी सर्व्हायव्हल किट विकत घेतले. ते दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकाचे आहे, असे विक्रेत्याने सांगितले. पाकिटाचा फ्लॅप वेल्क्रोने बंद होतो. लेबलवर अकरा अंकी क्रमांक आहे, त्याखाली ‘डीएसए १००-६८-सी’ अशी सुरू होणारी ओळ आहे आणि निर्मात्याच्या पत्त्यात शहर व राज्यानंतर पाच आकडे आहेत. आत गळ, दोरा, होकायंत्र, आरसा, काड्या आणि पाणी शुद्ध करण्याच्या गोळ्यांची बाटली आहे. बाटलीवर मात्र १९७१ साल छापलेले आहे. हे किट अस्सल मानावे की बनावट?

उत्तर : आपण केलेल्या वर्णनावरून किट अस्सल असण्याची शक्यता बरीच आहे, परंतु ते दुसऱ्या महायुद्धातले नक्कीच नाही. हे ठरवण्यासाठी आतल्या वस्तू बाहेर काढण्याचीही गरज नाही, कारण आपल्या लेबलवरच तीन स्वतंत्र पुरावे आहेत आणि ते तिन्ही एकाच काळाकडे बोट दाखवतात.

पहिला पुरावा अकरा अंकी क्रमांकाचा. चार, तीन आणि चार अशा गटांत लिहिलेला हा अमेरिकेचा फेडरल स्टॉक क्रमांक असून तो १९५०च्या दशकात रूढ झाला. १९७४मध्ये पहिल्या चार अंकांनंतर देशाचे दोन अंक घालून तो तेरा अंकी करण्यात आला. त्यामुळे अकरा अंकी लेबल साधारणपणे या दोन टप्प्यांच्या मधले असते. तेरा अंकी लेबल समोर आले, तर ते दोन अंक आवर्जून पाहावेत : ‘००’ असल्यास त्या वस्तूला क्रमांक आधीपासूनच होता आणि नव्या पद्धतीत त्यात केवळ दोन शून्ये घातली गेली, तर ‘०१’ असल्यास क्रमांकच बदलानंतर दिलेला आहे. ब्रिटनचे अंक ‘९९’ आणि जर्मनीचे ‘१२’ आहेत.

दुसरा पुरावा कंत्राटाच्या ओळीचा, आणि माझ्या मते संपूर्ण किटवरची सर्वांत बोलकी ओळ हीच. डीएसए म्हणजे डिफेन्स सप्लाय एजन्सी. ही संस्था १९६१मध्ये स्थापन झाली आणि १९७७च्या आरंभी तिचे नाव बदलून डिफेन्स लॉजिस्टिक्स एजन्सी, म्हणजेच डीएलए, झाले. ओळीतला ‘६८’ हा कंत्राटाच्या आर्थिक वर्षाचा आकडा आहे. त्या काळात अमेरिकी सरकारचे आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होत असे, म्हणून आपले कंत्राट जुलै १९६७ ते जून १९६८ या बारा महिन्यांतले ठरते. प्रत्यक्ष माल त्यानंतर काही महिन्यांनी तयार झालेला असू शकतो.

तिसरा पुरावा पत्त्याचा, ज्याच्याकडे बहुतेक जण पाहतच नाहीत. अमेरिकेत पाच अंकी झिप कोड १ जुलै १९६३ रोजी सुरू झाला. त्याआधी, १९४३पासून, मोठ्या शहरांच्या नावापुढे टपाल विभागाचा एक किंवा दोन अंकी क्रमांक लिहीत. त्यामुळे शहराच्या नावाला लागून एक-दोन अंक दिसले, तर छपाई बहुधा १९४३ ते १९६३ या काळातली, आणि पाच अंक असतील तर त्यानंतरची. वेल्क्रोचा मुद्दा याला पुष्टी देतो, कारण वेल्क्रोचे उत्पादन १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाले आणि महायुद्धातल्या मूळ पाकिटावर ते असूच शकत नाही. आपले पाकीट व्हिएतनाम युद्धाच्या काळातले आहे.

आता १९७१च्या बाटलीविषयी. अशी विसंगती दिसली की नवा संग्राहक लगेच फसवणुकीचा निष्कर्ष काढतो, आणि तो पुष्कळदा चुकतो. सर्व्हायव्हल किट ही एकदा बांधून विसरून जाण्याची वस्तू नव्हती. ते सेवेत असेपर्यंत ठरावीक काळाने उघडून तपासले जाई, मुदत संपलेली औषधे, गोळ्या आणि बॅटऱ्या बदलल्या जात आणि ते पुन्हा बंद केले जाई. त्यामुळे पाकीट १९६८चे आणि गोळ्या १९७१च्या, ही एखाद्या वापरातल्या किटची अगदी स्वाभाविक स्थिती आहे. आतल्या वस्तूंपैकी सर्वांत अलीकडची वस्तू किट शेवटचे कधी भरले गेले हे सांगते आणि पाकिटाचे लेबल ते कधी बनले हे सांगते. नोंदवहीत या दोन्ही तारखा वेगवेगळ्या लिहाव्यात.

मग सैन्याने बदललेली वस्तू आणि विक्रेत्याने नंतर घातलेली वस्तू यांत फरक कसा करायचा? यासाठी वस्तूंनी एकमेकींवर सोडलेल्या खुणा पाहाव्यात. वर्षानुवर्षे एकत्र राहिलेल्या वस्तू एकमेकींना डागाळतात. गळाचा गंज सूचनापत्रकावर उतरतो आणि त्या डागाचा आकार गळाशी तंतोतंत जुळतो, पितळेचा हिरवा थर शेजारच्या कापडावर लागतो, जुने रबर मऊ होऊन बाजूच्या वेष्टनाला चिकटते. असा डाग आहे पण तो पाडणारी वस्तू जागेवर नाही, किंवा वस्तू गंजलेली आहे पण तिच्या शेजारचा कागद कोरा आहे, असे दिसले तर ती मांडणी मूळची नव्हे. बनावट लेबल छापणारे पुष्कळ आहेत, परंतु एकमेकांशी जुळणारे असे जुने डाग तयार करणे फार अवघड असते. म्हणून माझा भर लेबलनंतर लगेच डागांवर असतो.

पाकिटात सुरी असेल तर तीही तपासावी. व्हिएतनाम युद्धाच्या काळातल्या कॅमिलस कंपनीच्या वैमानिकी सुऱ्यांच्या मुठीच्या टोकावर महिना व साल ठोकलेले आढळते. रंगावरून काळ ठरवण्याच्या फंदात मात्र सहसा पडू नये. हिरवे कापड उन्हाने आणि धुण्याने इतके बदलते की एकाच वर्षीची दोन पाकिटे वेगळ्या काळातली वाटतात. मूळ छटा पाहायचीच असेल, तर फ्लॅपच्या घडीच्या आत किंवा शिवणीच्या दुमडीत पाहावी.

प्रश्न : अतिनील दिव्याखाली धागा चमकला तर वस्तू बनावट, हा नियम कितपत विश्वासार्ह आहे?

उत्तर : एका दिशेने उपयोगी, दुसऱ्या दिशेने नाही. कागद, धागा आणि कपडे धुण्याची पावडर यांत पांढरेपणा वाढवणारी रसायने महायुद्धानंतर सर्रास वापरात आली आणि ती अतिनील प्रकाशात निळसर-पांढरी चमकतात. १९४३चा म्हणून दाखवलेला कागद असा झगझगला, तर तो नाकारायला सबळ कारण मिळते. कापडाच्या बाबतीत मात्र सावध राहावे, कारण जुने अस्सल कापडही एकदा आधुनिक पावडरीने धुतले की चमकते. उलटपक्षी, वस्तू चमकली नाही एवढ्यावरून ती जुनी ठरत नाही.

प्रश्न : माझ्याकडे पारदर्शक प्लॅस्टिकची एक चपटी, पिवळसर पडलेली डबी आहे. आत गोळ्या, छोटे होकायंत्र आणि रबरी पिशवी आहे. तिला हल्ली व्हिनेगरसारखा वास येऊ लागला आहे. ही ब्रिटिश वैमानिकांची एस्केप डबी, म्हणजे शत्रूच्या प्रदेशातून निसटताना वापरायची डबी, असू शकेल का?

उत्तर : असू शकेल, परंतु वासाची बाब तातडीची आहे, म्हणून ती आधी. सेल्युलोज ॲसिटेट हे प्लॅस्टिक विघटित होऊ लागले की त्यातून ॲसेटिक आम्ल बाहेर पडते. हे आम्ल विघटनाचा वेग आणखी वाढवते आणि आतल्या धातूला खाऊ लागते. डबी हवाबंद पिशवीत मुळीच ठेवू नये. ती थंड, कोरड्या आणि हवेशीर जागी, इतर संग्रहापासून दूर ठेवावी. आतल्या वस्तूंची जागच्या जागी छायाचित्रे घ्यावीत आणि त्यानंतर धातूच्या वस्तू बाहेर काढून डबीपासून दूर, वेगळ्या ठेवाव्यात. मूळ मांडणी मोडताना जीव हळहळतो हे मला ठाऊक आहे, तरी होकायंत्र गमावण्यापेक्षा ते बरे.

ओळखीसंबंधी सांगायचे, तर डिसेंबर १९३९मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटनच्या एमआय-९ या, शत्रूच्या प्रदेशात अडकलेल्या सैनिकांना सुटकेसाठी मदत करणाऱ्या, गुप्त लष्करी विभागासाठी क्रिस्टोफर क्लेटन हटन यांनी अशा डब्या घडवल्या. सुरुवातीला पन्नास सिगारेटी मावणारे चपटे पत्र्याचे डबे वापरले गेले आणि पुढे प्लॅस्टिकची डबी आली. त्यात माल्टेड दुधाच्या गोळ्या, मिठाई, पाणी शुद्ध करणाऱ्या हॅलाझोनच्या गोळ्या, झोप उडवणाऱ्या बेन्झेड्रिनच्या गोळ्या, पाण्याची रबरी पिशवी, होकायंत्र, काड्या, सुईदोरा असा ऐवज असे. कापडी नकाशे आणि परकी चलन बहुधा वेगळ्या पाकिटात दिले जाई, म्हणून आपल्या डबीत नकाशा नाही एवढ्यावरून ती अपुरी मानू नये. अमेरिकी हवाई दलाच्या ई-३ आणि ई-१७ या संचांतही प्लॅस्टिकचे डबे होते, तेव्हा केवळ डबीच्या आकारावर विसंबून न राहता गोळ्यांच्या वेष्टनांवरील उत्पादकांची नावे वाचावीत. ती ब्रिटिश की अमेरिकी, यावर उत्तर बरेचसे मिळेल. ब्रिटिश साहित्यावर बाणाच्या टोकाची सरकारी खूण किंवा मुकुटाखाली ‘एएम’ ही हवाई मंत्रालयाची अक्षरे आढळतात. ते मंत्रालय १९६४मध्ये संरक्षण मंत्रालयात विलीन झाले.

नकाशा मिळालाच, तर त्याला सरसकट ‘रेशमी’ म्हणू नये, कारण युद्धकाळातले असे अनेक नकाशे, विशेषतः अमेरिकी, रेयॉनवर छापलेले होते. कापड ओळखण्यासाठी कडेचा धागा जाळून पाहण्याची जुनी सवय कृपया सोडावी.

डबीतल्या गोळ्या कोणीही चाखू नयेत. बेन्झेड्रिन म्हणजे ॲम्फेटामिन असून काही किटमध्ये मॉर्फिनच्या लहान इंजेक्शन-नळ्याही असत. असे पदार्थ बाळगणे बहुतेक देशांत परवान्याशिवाय गुन्हा ठरते आणि ते सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचे आहेत या कारणाने त्यातून सूट मिळत नाही. ते रीतसर जमा करून रिकामे वेष्टन ठेवता येते का, हे आपल्या देशातल्या अधिकाऱ्यांना आधी विचारावे. फ्लेअर (इशारा देण्यासाठी पेटवायची दारूची नळी) आढळल्यास तो हाताळूच नये. जुने दारूकाम बाहेरून शाबूत दिसले तरी आतून अस्थिर झालेले असते.

प्रश्न : जुन्या होकायंत्राचे काटे आता अंधारात चमकत नाहीत. म्हणजे त्यातले रेडियम संपले, असे समजावे का?

उत्तर : नाही. रेडियमचा अर्धायुष्यकाळ सुमारे १६०० वर्षांचा आहे, त्यामुळे महायुद्धातल्या होकायंत्रातले रेडियम जवळपास तितकेच शिल्लक आहे. निकामी होतो तो त्याच्यासोबत मिसळलेला, प्रकाश देणारा झिंक सल्फाइड. काच उघडू नये, रंग खरवडू नये आणि अशी होकायंत्रे बंद खोलीत मोठ्या संख्येने साठवू नयेत, कारण त्यांतून रेडॉन हा किरणोत्सारी वायू बाहेर पडतो. तबकडीवर ‘एच-३’ असे लिहिले असेल, तर तेथे ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचा किरणोत्सारी प्रकार, वापरलेले आहे. त्याचे अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षे असल्याने ते खरोखरच मंदावते, आणि अशी खूण महायुद्धातल्या होकायंत्रावर नसते.

प्रश्न : सीलबंद किट मिळाले आहे. आत काय आहे हे पाहण्यासाठी ते उघडावे का?

उत्तर : गळती, सूज किंवा दुर्गंधी नसेल तर उघडू नये. सील एकदाच फोडता येते आणि आतली मूळ मांडणी हाच अशा किटचा सर्वांत मोठा पुरावा असतो. आधी सीलची रेघ भिंगाखाली पाहावी : उष्णतेने बंद केलेली कड एकदाच दाबलेली असावी. जुन्या रेघेच्या आत दुसरी नवी रेघ दिसली, तर पाकीट पुन्हा बंद केलेले आहे. अर्थात, वर सांगितल्याप्रमाणे, हे काम सैन्याच्या तपासणीतही झालेले असू शकते, म्हणून तपासणीची चिठ्ठी किंवा शिक्का शोधावा. वजन करून ते लिहून ठेवावे, म्हणजे पुढे त्याच प्रकारच्या किटशी तुलना करता येते.

प्रश्न : माझ्या किटमध्ये सिग्नल आरसा नाही. दुसरीकडून आणून बसवला तर चालेल का?

उत्तर : चालेल, त्याच काळातला मिळत असल्यास जरूर बसवावा. मात्र कापडी पाकिटाला किंवा आरशाला काही चिकटवू नये. तो कधी, कुठून आणला हे आम्लरहित कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलने लिहून चिठ्ठी किटसोबत ठेवावी. पुढे किट विकताना किंवा कोणाला देताना ती चिठ्ठी काढून घेऊ नये.