मेंदूतील जोडणी आणि स्मृतिचाचणीचे गुण यांचे आलेख एकसारखे कसे काढावेत?

रत्नागिरी आणि मालवण येथील ज्येष्ठांचे आपले आलेख जुळत नाहीत, कारण एकात जोडणीचे कच्चे सहसंबंध गुणांक (मेंदूच्या दोन भागांची सक्रियता किती एकत्र बदलते हे सांगणारे, -१ ते १ मधले आकडे) आहेत आणि दुसऱ्यात फिशरचे झेड (त्याच गुणांकांचे गणिती रूपांतर). सर्वत्र झेडच वापरावा, ०.३ चे जेमतेम ०.३१ होते, पण ०.८ चे १.१० होते, म्हणजे खरा फरक टोकाला पडतो. विश्लेषणात वय, शिक्षण आणि स्कॅनमधील डोक्याची हालचाल यांचा प्रभाव वगळला असेल, तर आलेखातही दोन्ही अक्षांवर त्यानंतर उरलेली मूल्येच दाखवावीत. अक्षांच्या मर्यादा समान ठेवाव्यात आणि (हे सहसा राहून जाते) प्रत्येक सहभागीचा बिंदू दिसू द्यावा, कारण टोकाचा एखादाच बिंदू संपूर्ण रेषा कलवू शकतो. केवळ संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय ठरलेल्या जोडण्या निवडून त्यांचेच आलेख काढल्यास संबंध आहे त्याहून बळकट भासतो.