पॉम्पेईची द्राक्षबाग : वेल नव्हे, वेलाची पोकळी

इटलीतल्या पॉम्पेई या ज्वालामुखीत गाडल्या गेलेल्या रोमन शहराच्या अँफिथिएटरजवळच्या द्राक्षबागेवर येणारे बहुतेक प्रश्न एकाच गैरसमजातून येतात. तिथे दोन हजार वर्षांपूर्वीचे वेल सापडले, असं कुणीतरी कुणाला सांगितलेलं असतं. वेल सापडलेले नाहीत. ते जिथे होते त्या जागा सापडल्या आहेत.

प्रश्न : तिथल्या जुन्या वेलांना अजून द्राक्षं लागतात का?

नाही. आज दिसतात ते वेल अलीकडे लावलेले आहेत.

प्रश्न : मुळं कुजून गेली, तर ती द्राक्षाचीच होती हे कशावरून?

इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीने शहरावर आधी प्युमिसचे हलके, सच्छिद्र खडे ओतले. त्यांचा थर अडीच-तीन मीटरपर्यंत गेला आणि त्यावर गरम राखेचे लोट आले. खाली बागेची माती दबून घट्ट झाली. खोड आणि मुळं कुजत गेली तसे वरचे सुटे खडे त्या पोकळीत उतरले. म्हणून मातीत खड्यांनी भरलेलं छिद्र दिसलं, की तिथे मूळ तरी होतं किंवा काठी तरी.

१८६३ मध्ये पुरातत्त्वज्ञ ज्युसेप्पे फिओरेली यांनी राखेत कुजून गेलेल्या मृतदेहांच्या पोकळ्यांत प्लास्टर ओतलं होतं. तोच विचार मुळांसाठी पद्धतशीरपणे राबवला तो पुरातत्त्वज्ञ विल्हेल्मिना जाशेम्स्की यांनी. १९६६ पासून त्यांनी ही जागा खणली. तोवर ती ‘फोरो बोआरिओ’, म्हणजे गुरांचा बाजार, समजली जात होती. निघाल्या त्या २०१४ वेलांच्या आणि ५८ झाडांच्या मुळांच्या पोकळ्या, आणि वेलांलगत आधाराच्या काठ्यांच्या.

कृती अशी : खडे उपसून ७९ सालची जमीन पूर्ण मोकळी करायची. छिद्रांना क्रमांक देऊन, तोंडाचा व्यास मोजून नकाशा काढायचा, आणि हे आतल्या खड्यांना हात लावण्यापूर्वी. मग लांब दांड्याच्या चमच्याने, बॅटरीच्या उजेडात, आतले खडे तळापर्यंत काढायचे. मजबुतीसाठी तार सोडायची, सिमेंट ओतायचं, किमान तीन दिवस हात लावायचा नाही. त्यानंतर भोवतीची माती काढायची. काठीचा साचा सरळ निघतो, टोकाशी निमुळता. मुळाचा वाकडातिकडा, फाटे फुटलेला.

बिघडतं कुठे? खडे पुरते निघाले नाहीत तर सिमेंट वरच अडकतं आणि खालचे फाटे हातचे जातात. मिश्रण घट्ट झालं तर ते बारीक मुळांत शिरत नाही. अलीकडच्या झाडांची मुळं प्युमिसच्या थरातून खाली घुसलेली असतात; ती ओळखली नाहीत तर रोमन बागेत भलतंच झाड उभं राहतं. पण सगळ्यांत मोठं नुकसान दिरंगाईने होतं. छिद्र उघडं ठेवलं आणि एक सर येऊन गेली, की कडा ढासळतात, माती आत वाहते आणि मुळाचा आकार कायमचा जातो. भित्तिचित्रांच्या आणि मूर्तींच्या मागे लागलेल्या जुन्या उत्खननांत कितीतरी बागा अशाच गेल्या. भिंती जपल्या, जमिनीकडे कुणी पाहिलं नाही. ‘पुढच्या हंगामात बघू’ म्हणून ठेवलेली पोकळी पुढच्या हंगामात नसते.

आणि हो, एकट्या साच्यावरून ‘द्राक्ष’ म्हणू नये. समान अंतरावरच्या रांगा, शेजारची काठी, द्राक्ष दाबण्याची खोली, जमिनीत पुरलेले १० मोठे रांजण, हे सगळं एकत्र जुळतं तेव्हाच ती द्राक्षबाग ठरते. कुठे करपलेली बी मिळालीच, तर ती वनस्पतीअवशेषांच्या जाणकाराकडेच द्यावी.

प्रश्न : तिथे वेलांत चारच फूट अंतर होतं असं वाचलं. आमच्या बागेत तसं करावं का? (एक बागायतदार, तासगाव)

करू नका. रोमन फूट २९.६ सेंटिमीटरचा, म्हणजे अंतर जेमतेम १.१८ मीटर. तिथे एकेक वेल काठीला बांधलेला असे. मांडव होता तो वाटांवर. मशागत हाताने व्हायची. तुमच्याकडे ओलांडे (वेलाच्या आडव्या फांद्या) पसरतात, ट्रॅक्टर आणि फवारणीचा ब्लोअर फिरतो, आणि दाटीत हवा खेळली नाही की भुरी-डाऊनीसारखे बुरशीचे रोग आलेच. अंतर खुंट (ज्यावर कलम करतात तो मुळांचा भाग), जात आणि जमीन पाहून ठरतं. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राला विचारा.

प्रश्न : आठवण म्हणून तिथली मूठभर माती आणली तर चालेल का?

नाही. तिथून काहीही उचलू नका.

प्रश्न : ‘पॉम्पेईची मूळ वाइन’ म्हणून महागडी बाटली भेट मिळाली. चव खरंच तीच?

‘मूळ’ हा शब्द विक्रीसाठी आहे. १९९० च्या दशकात तिथल्या काही जुन्या बागांत पुन्हा लागवड झाली आणि २००१ मध्ये पहिली वाइन निघाली. जागा तीच, पण वेल पिएदिरोसो, शाशिनोसो अशा आजच्या स्थानिक जातींचे. द्राक्षाची जात बी पेरून टिकत नाही, काडीच लावावी लागते, आणि त्या काळची काडी कुणाकडे आहे? करपलेल्या बीमधून कामाचा डीएनए सहसा मिळत नाही. पाण्याखाली टिकलेल्या बियांची गोष्ट निराळी. फ्रान्समधल्या सुमारे ९०० वर्षांपूर्वीच्या अशा एका बीचा आजच्या साव्हान्यँ ब्लाँ जातीशी मेळ बसल्याचं २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं.

आणि ‘तीच चव’ हवी आहे का, हाही विचार करा. त्या काळचा रोमन लेखक थोरला प्लिनी लिहून गेला आहे, की पॉम्पेईच्या वाइनने धरलेलं डोकं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उतरत नाही. भेट आहे, प्या. गुंतवणूक म्हणून आणखी घेणार असाल, तर आधी तटस्थ जाणकाराला दाखवा.

प्रश्न : उद्रेक ऑगस्टचा की ऑक्टोबरचा?

ऑक्टोबरकडे पारडं झुकतंय. २०१८ मध्ये पॉम्पेईतल्या एका भिंतीवर कोळशाने लिहिलेली १७ ऑक्टोबरची नोंद सापडली, पण तिच्यात साल नाही. त्यामुळे कुणी छातीठोक तारीख सांगत असेल तर सोडून द्या.

प्रश्न : जुन्नरजवळ शेतात जाड खापर मिळालं. रोमन वाइनच्या कुंभाचं असेल का? फोटो पाठवला आहे.

फोटोवरून ठरत नाही. शक्यता मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ‘पेरिप्लस’ या जुन्या ग्रीक सागरी व्यापाराच्या मार्गदर्शिकेत भडोच बंदरात इटलीची वाइन उतरत असल्याची नोंद आहे, आणि व्हेसुव्हियसच्या परिसरातल्या कुंभांची माती तिच्यातल्या काळ्या ज्वालामुखी कणांवरून ओळखू येते. पण पश्चिम भारतातली ‘रोमन’ म्हणून नोंदलेली बरीच खापरं मेसोपोटेमियाकडच्या टॉर्पेडो कुंभांची आहेत, हे प्राचीन मातीच्या भांड्यांच्या अभ्यासक रॉबर्टा टॉम्बर यांनी दाखवून दिलं. त्या कुंभांना कान नसतात आणि आतून डांबराचा लेप असतो. म्हणून खापर धुऊ नका, घासू नका. लेप गेला तर ओळखही गेली. सापडल्या जागेची नोंद करा, तिथे आणखी खणू नका, आणि राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवा. नांगरटीच्या आधी.