डेट्रॉईट बुडालं, मग मुलाला मिशिगनला पाठवावं का?

प्रश्न : माझा मुलगा पुण्यात मेकॅनिकल इंजिनिअर झाला. गेली दोन वर्षं चाकणच्या एका व्हेंडर कंपनीत क्वालिटी विभागात आहे. त्याला अमेरिकेत मिशिगनमधल्या एका विद्यापीठात ऑटोमोटिव्ह इंजिनिअरिंगच्या एमएसला प्रवेश मिळालाय. एकूण खर्च ५५ लाख. त्यातले ४० लाख कर्ज काढावं लागेल आणि राहता फ्लॅट तारण ठेवावा लागेल. माझा पगार हातात ६८ हजार येतो आणि निवृत्तीला पाच वर्षं उरलीत. मी तळेगावला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. जनरल मोटर्सचा प्लांट बंद झाल्यावर गेटसमोर बसलेली माणसं मी रोज येता-जाता पाहिली. माझे साडू म्हणतात, "युनियनने डेट्रॉईट खाल्लं, तिथे पोराला कशाला पाठवता?" तिथल्या मोटार कामगारांच्या २०२३ च्या संपाच्या बातम्या मीही वाचल्या. मुलगा म्हणतो, "बाबा, तुम्ही उगाच घाबरता." काय करावं?
– एक पालक, तळेगाव दाभाडे

उत्तर :
नमस्कार,

तुमची भीती उगाच नाही, हे चिरंजीवांना माझ्यातर्फे सांगा. फक्त ती चुकीच्या जागी बसलीय. तुम्ही संपाला घाबरताय. मला काळजी वाटते ती तुमच्या पत्रातल्या ४० लाख आणि ६८ हजार या दोन आकड्यांची. पण साडूंचा मुद्दा बाजूला सारून पुढे गेलो तर घरातला वाद मिटायचा नाही. म्हणून आधी तोच घेतो.

तळेगावपासूनच सुरुवात करू, कारण ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतात गाड्या विकणं थांबवलं, तळेगावातून निर्यात तेवढी चालू ठेवली आणि डिसेंबर २०२० मध्ये तीही बंद केली. प्लांट एका चिनी कंपनीला विकायचा करार झाला होता, तो सरकारी मंजुरीअभावी बारगळला. शेवटी ह्युंदाईने तो घेतला. या सगळ्यात युनियनने काय केलं? कोर्टात भांडली, गेटवर बसली. पण भारतातून बाहेर पडायचं हे काही तिने ठरवलं नव्हतं. तो निर्णय डेट्रॉईटच्या, म्हणजे मिशिगनमधल्या मोटारींच्या शहरातल्या, मुख्यालयात झाला. आता डेट्रॉईटची गोष्ट वाचताना हेच मनात ठेवा. निर्णय कोणाच्या हातात होता?

३० डिसेंबर १९३६ ला मिशिगनमधल्या फ्लिंट गावात जनरल मोटर्सचे कामगार कारखान्यातच बसले. बाहेर येईनात. लाइनवरच्या गाड्यांच्या सीट काढून त्यावर झोपायचे, जेवण खिडकीतून आत यायचं. पोलिसांनी अश्रुधूर सोडला तेव्हा आतून दारांच्या लोखंडी बिजागऱ्यांचा मारा झाला. राज्यपाल फ्रँक मर्फी यांनी नॅशनल गार्ड हे राज्याचं राखीव सैन्य बोलावलं, पण कामगारांना बाहेर काढायला वापरलं नाही. ४४ दिवसांनी कंपनीने युनायटेड ऑटो वर्कर्स, म्हणजे यूएडब्ल्यू या युनियनला मान्यता दिली. फोर्ड १९४१ पर्यंत अडून बसली होती. त्यांच्या माणसांनी १९३७ मध्ये वॉल्टर रूथर या कामगार नेत्याला पत्रकारांच्या कॅमेऱ्यांसमोर बदडलं होतं.

हाच रूथर पुढे यूएडब्ल्यूचा अध्यक्ष झाला. त्याच्या आधीची एक गोष्ट मात्र साडूंना जरूर सांगा. १९४५-४६ मध्ये जनरल मोटर्समध्ये ११३ दिवसांचा संप झाला. रूथरची मागणी अशी होती की पगार वाढवा, पण गाडीची किंमत वाढवू नका, आणि परवडत नसेल तर हिशेबाच्या वह्या उघडून दाखवा. कंपनी म्हणाली, पगाराचं बोलू, वह्यांचं नाही. पुढे १९५० मध्ये पाच वर्षांचा मोठा करार झाला. त्यात पेन्शन, आरोग्य विमा आणि महागाईप्रमाणे वाढ हे सगळं कामगारांना मिळालं. कुठली गाडी काढायची, कारखाना कुठे टाकायचा, हे मात्र कंपनीकडेच राहिलं. त्या काळी अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या जवळपास निम्म्या गाड्या एकट्या जनरल मोटर्सच्या असायच्या. त्यामुळे वीस वर्षं हे कोणाला खटकलं नाही.

मग १९७३ आणि १९७९ मध्ये तेलाचे भाव भडकले. ग्राहक छोटी, कमी पेट्रोल पिणारी गाडी मागायला लागला आणि ती जपान्यांकडे तयार होती. छोटी गाडी काढायची की नाही हे ठरवणं फ्लिंटच्या फिटरच्या हातात कधीच नव्हतं.

साडूंसाठी सगळ्यात चांगलं उत्तर कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला आहे. तिथला जनरल मोटर्सचा कारखाना कंपनीच्या सगळ्यात वाईट कारखान्यांत गणला जायचा. रोज पाचातला एक माणूस गैरहजर, तक्रारींचे ढीग, दारू-बिरू सगळं. १९८२ मध्ये तो बंद झाला. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्सने भागीदारीत तोच कारखाना पुन्हा सुरू केला. युनियन तीच, यूएडब्ल्यू. माणसंही बहुतेक तीच. त्यातल्या काहींना शिकायला जपानला नेलं. लाइनवर दोरी बसवली, आणि दोष दिसला की कोणीही साधा कामगार ती ओढून लाइन थांबवू शकत होता. जुन्या व्यवस्थेत लाइन थांबवणं म्हणजे नोकरीशी खेळ. थोड्याच काळात तिथल्या गाड्यांची क्वालिटी जपानमधल्या कारखान्याच्या तोडीची झाली आणि गैरहजेरी जवळजवळ संपली. तुम्ही सुपरवायझर आहात, दोरीचा अर्थ तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल. जनरल मोटर्सला मात्र हा धडा आपल्या बाकीच्या कारखान्यांत न्यायला फार वर्षं लागली.

युनियन धुतल्या तांदळासारखी होती, असं मी म्हणत नाही. १९८४ च्या करारात 'जॉब्स बँक' आली. काम नसलेल्या कामगाराला जवळपास पूर्ण पगार मिळायचा. हजारो माणसं महिनोन् महिने एका हॉलमध्ये शब्दकोडी सोडवत बसायची आणि पगार घ्यायची. ही सोय २००९ पर्यंत टिकली. १९९८ मध्ये फ्लिंटच्या फक्त दोन कारखान्यांतल्या ५४ दिवसांच्या संपाने कंपनीचं उत्तर अमेरिकेतलं जवळपास सगळं उत्पादन ठप्प केलं. अर्थात त्याची ठिणगी व्यवस्थापनाने टाकली होती. सुट्टी साधून कारखान्यातल्या डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारे साचे, हलवून ओहायो राज्यात नेल्या होत्या. अगदी अलीकडे यूएडब्ल्यूच्या दोन माजी अध्यक्षांना भ्रष्टाचाराच्या प्रकरणात शिक्षा झाली. हेही लपवायचं कारण नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे लक्षात येत नाही. अमेरिकेत सगळ्यांसाठी सरकारी आरोग्यसेवा नाही. १९५० पासून निवृत्त होत गेलेल्या लाखो कामगारांच्या औषधपाण्याचा खर्च कंपनीच्या गळ्यात होता. तिकडे टोयोटाने केंटकीत आणि निस्सानने टेनेसीत नवे कारखाने टाकले, युनियनशिवाय आणि तरुण माणसं घेऊन. त्यांच्याकडे पेन्शनर जवळपास नव्हतेच. म्हणजे अमेरिकेतला गाड्यांचा धंदा बुडाला म्हणण्यापेक्षा तो मोठ्या प्रमाणात मिशिगनमधून उठून दक्षिणेला गेला. बुडाली ती गावं. फ्लिंटमध्ये एके काळी एकट्या जनरल मोटर्सकडे ८० हजारांच्या घरात माणसं होती, आज त्याचा लहानसा तुकडा उरलाय. डेट्रॉईटची लोकसंख्या १९५० च्या १८ लाखांवरून २०१० मध्ये सात लाखांवर आली. २०१३ मध्ये शहराने दिवाळखोरी जाहीर केली. जनरल मोटर्स आणि क्रायस्लर या कंपन्यांची दिवाळखोरी २००९ मध्येच झाली होती, आणि सरकारी पैशावर दोन्ही पुन्हा उभ्या राहिल्या.

२०२३ चा संप समजायला चाकण पुरेसं आहे. २००७ च्या करारात नव्या कामगाराला जुन्याच्या जवळपास निम्मा पगार ठरला, तासाला सुमारे २८ च्या जागी १४ डॉलर. एकाच लाइनवर शेजारी-शेजारी उभे राहून एकच काम करणारे दोघे, आणि पगार असे. आपल्याकडचा कायम आणि कंत्राटी कामगार आठवा. कंपन्या पुन्हा नफ्यात आल्या तरी ही दरी राहिली. सप्टेंबर २०२३ मध्ये शॉन फेन या नव्या अध्यक्षाने फोर्ड, जनरल मोटर्स आणि क्रायस्लरची आताची मालक स्टेलांटिस, या तिन्हींवर एकाच वेळी संप पुकारला. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. सहाएक आठवड्यांत २०२८ पर्यंतची २५ टक्के वाढ पदरात पडली आणि ती दरी बरीचशी बुजली. त्यामुळे कुठलीही कंपनी बंद पडलेली नाही.

आता चिरंजीवांकडे येऊ.

ते एमएस होऊन लागतील ते इंजिनिअर म्हणून. तिथले बहुतेक इंजिनिअर युनियनमध्ये नसतात, त्यामुळे संपाचा थेट फटका त्यांना फारसा बसत नाही. गंमत म्हणजे शिकताना ते युनियनमध्ये असू शकतात. यूएडब्ल्यूमध्ये आज विद्यापीठांतले संशोधक आणि टीचिंग असिस्टंट मोठ्या संख्येने आहेत. २०२२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठात ४८ हजार जणांचा संप झाला, तो याच युनियनचा. तिथल्या पोरांनी गाडीचं बॉनेटही उघडलेलं नसेल.

इंजिनिअरची नोकरी जाते ती घोषणा-मोर्चाशिवाय. सकाळी मेल येतो, दुपारपर्यंत लॅपटॉप जमा. ऑगस्ट २०२२ मध्ये फोर्डने सुमारे ३ हजार पगारी आणि कंत्राटी कर्मचारी कमी केले, त्यात भारतातलेही होते. ऑगस्ट २०२४ मध्ये जनरल मोटर्सने सॉफ्टवेअर विभागातले हजारावर लोक काढले. फ्लिंटच्या कामगाराला निदान वाटाघाटीच्या टेबलावर खुर्ची असते. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरच्या आपल्या मुलाला नोकरी गेल्यावर मिळतात ६० दिवस. तेवढ्यात दुसरी नोकरी शोधा किंवा दुसरा व्हिसा मिळवा, नाहीतर सामान बांधा. त्याआधी शिक्षणानंतरची ओपीटीची, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच काम करायच्या परवानगीची, तीन वर्षं मिळतात, तीही सध्याच्या नियमांप्रमाणे. पुढे एच-१बीची लॉटरी. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेबाहेरून येणाऱ्या नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलरचं शुल्क लावलं गेलं. तीन वर्षांनी काय असेल ते आज कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. सांगणारा एजंट भेटला तर त्याच्या ऑफिसातून चहा न घेता उठा.

माझं मत विचाराल तर मुलाने जावं, पण या कोर्सला नाही आणि या कर्जावर तर नाहीच.

कोर्सचं आधी. 'ऑटोमोटिव्ह' हा शिक्का पदवीवर बसला की एका धंद्याच्या चढउताराशी नाव जोडलं जातं. त्याच विद्यापीठात मेकॅनिकल किंवा इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगला प्रवेश बदलून मिळतो का, हे आजच विचारा. गाड्यांचे विषय ऐच्छिक म्हणून घेता येतात. इलेक्ट्रिक गाड्यांवरच सगळं लावायचंही माझ्या मनात नाही. ३० सप्टेंबर २०२५ ला अमेरिकेत इलेक्ट्रिक गाडीवरची साडेसात हजार डॉलरची करसवलत संपली आणि कंपन्यांनी आपले बेत मागेपुढे करायला सुरुवात केली. चिरंजीवांची दोन वर्षांची क्वालिटीतली नोकरी मात्र त्यांनी कमी लेखू नये. पीपीएपीची, म्हणजे ग्राहकाकडून भाग मंजूर करून घ्यायची, फाइल स्वतः तयार केलेला, ग्राहकाच्या ऑडिटला तोंड दिलेला, रिजेक्शनचं मूळ शोधून त्यावरच्या उपायांचा '८डी' रिपोर्ट लिहिलेला माणूस विमानाचे भाग बनवणाऱ्यालाही चालतो आणि वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्यालाही. रेझ्युमेत या कामाला एकच ओळ दिली असेल, ही माझी पैज. त्याचं अर्धं पान करायला सांगा.

नोकरी शोधताना तीन मोठ्या कंपन्यांपलीकडे बघायचं. डेट्रॉईटच्या आसपास ऑबर्न हिल्स, ट्रॉय, साउथफील्ड, फार्मिंग्टन हिल्स या गावांत बॉश, बोर्गवॉर्नर, लिअर यांच्यासारख्या सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्या आहेत. आपली मराठी माणसंही तिकडे पुष्कळ आहेत, महाराष्ट्र मंडळ आहे. मंडळाच्या कार्यक्रमात श्रीखंडाबरोबर नोकरीची खरी बातमीही मिळते. दक्षिणेतल्या राज्यांतही अर्ज करायचे.

आता पैसे. ४० लाख, ११ टक्के व्याज, दहा वर्षं धरली तर हप्ता महिना ५५ हजारांच्या आसपास येतो, आणि शिकत असतानाचं व्याज वेगळं चढत राहतं. तुमच्या हातात ६८ हजार येतात, तेही पाचच वर्षं. मुलगा नोकरीविना परत आला किंवा पुण्यात ६०-७० हजारांवर लागला, तर हा हप्ता कोण भरणार? हा प्रश्न आज जेवणाच्या टेबलावर दोघांनी मिळून सोडवा, कागद-पेन घेऊन. पुण्याच्या पगारातून कर्ज फिटत असेल तरच फ्लॅटचे कागद बँकेत द्या. माझ्या हिशेबाने २० लाखांपर्यंतचं कर्ज तुमच्या घराला झेपेल. त्यासाठी प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येत असेल तर ढकलावा, मुलाने त्या वर्षाचा पगार साठवावा, आणि फी कमी असलेल्या, असिस्टंटशिप (शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाचा मोबदला) देणाऱ्या सरकारी विद्यापीठांत पुन्हा अर्ज करावेत. एका वर्षाने त्याचं काही नुकसान होत नाही. उलट चाकणचा अनुभव तीन वर्षांचा होईल.

डिपॉझिट भरायची शेवटची तारीख तुम्ही पत्रात लिहिलेली नाही. ती जवळ असेल तर बाकी चर्चा बाजूला ठेवा. मुलाला आज रात्रीच विद्यापीठाच्या प्रवेश विभागाला मेल टाकायला सांगा. त्यात तीनच प्रश्न असू द्या: प्रवेश पुढच्या वर्षावर नेता येईल का, विभाग बदलता येईल का, आणि भरलेलं डिपॉझिट परत मिळतं का. उत्तर आलं की मला कळवा. आणि पुढचं पत्र मुलाच्या हातचं असू द्या.