मोटर बंद केली की फिरणं कुठं जातं?

काका पहिल्यांदा आले ते वही घेऊनच. वय 68, वीज खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. काकूंना जाऊन सात महिने झाले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) बसल्या बसल्या विचारलं, "मॅडम, क्वांटम फिजिक्सने, त्या अतिसूक्ष्म कणांच्या शास्त्राने, मरणानंतरचं अस्तित्व सिद्ध झालंय म्हणतात. खरं का?"

मी समुपदेशक. हा प्रश्न माझ्याकडे अधूनमधून येतो, तोही बहुधा शिकलेल्या माणसांकडून. भुताखेतांचं नाव काढायला ज्यांना लाज वाटते, त्यांना 'क्वांटम' हा शब्द सोयीचा पडतो.

वहीत तीन मुद्दे होते. ऊर्जा नष्ट होत नाही. निरीक्षक पाहतो म्हणून कणाची अवस्था ठरते, म्हणजे जाणीव आधी. आणि ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ रॉजर पेनरोज. मी बीएस्सीला फिजिक्स घेतलेली, त्यामुळे "मला त्यातलं कळत नाही" म्हणून सुटता येईना. आणि खोटा धीर मला देता येत नाही.

मी उलट विचारलं, "काका, मोटर बंद केली की तिचं फिरणं कुठं जातं?"

"बेअरिंगच्या घर्षणात. उष्णता होते," ते पटकन म्हणाले आणि गप्प झाले. ऊर्जा उरली, फिरणं नाही.

दुसऱ्या मुद्द्यात घोळ शब्दाचा आहे. तिथला निरीक्षक म्हणजे मन नव्हे. खोलीत कुणी नसलं तरी डिटेक्टर, म्हणजे कण टिपणारं यंत्र, पुरतो. भौतिकशास्त्रज्ञ युजीन विग्नर यांनी 1961 मध्ये जाणिवेला तिथं जागा दिली होती खरी, पण पुढे ते स्वतःच त्यातून मागे हटले. पेनरोज आणि भूलतज्ज्ञ स्टुअर्ट हॅमरॉफ बोलतात ते मेंदूच्या पेशींतल्या सूक्ष्मनलिकांबद्दल: तिथल्या क्वांटम घडामोडींतून जाणीव उमटते, असं. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स टेगमार्क यांनी 2000 साली हिशोब मांडला, की मेंदूच्या उबेत अशी क्वांटम अवस्था सेकंदाचा एक लाख कोटीवा भागही टिकत नाही. वाद अजून चालू आहे. पण पेनरोज बरोबर ठरले तरी त्यातून कळेल ते मेंदूत जाणीव कशी उमटते एवढंच. मेंदू नसताना काय, हे नाही.

"म्हणजे नाही?"

"या वहीतून 'हो' निघत नाही, एवढंच. तुम्हाला श्रद्धा ठेवायची तर वही कशाला हवी?"

दुसऱ्या भेटीत खरं बाहेर आलं. दहाव्याला कावळा शिवला नव्हता. घाटावर दोन तास वाट पाहिली, शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. "माझा असल्यावर विश्वास नाही," हे काका तीनदा म्हणाले. मग म्हणाले, "आयसीयूत तिनं हात धरला होता. घरी न्या म्हणाली. मी म्हटलं, दोन दिवस थांब." ते दोन दिवस काकूंना मिळाले नाहीत.

सात महिने हा माणूस क्वांटमवाल्या हायझेनबर्गच्या आडून एकच विचारत होता: ती रागावून गेली का? नेटवर कुणीतरी गेलेल्या माणसाशी 'क्वांटम संपर्क' करून देतो म्हणून पैसे मागत होता, ते याच प्रश्नावर. एरवी मी सल्ला द्यायचं टाळते. इथे सरळ सांगितलं, एक रुपया देऊ नका.

तिसऱ्या भेटीत त्यांनी आवाज खाली आणला. "पहाटे ओट्यापाशी बांगड्या वाजतात. वेड लागतंय का मला?" झोप, जेवण, जगावंसं वाटतं का, हे मी विचारून घेतलं, तिथं काळजीचं काही नव्हतं. मग त्यांना वेल्समधल्या एका डॉक्टरांची गोष्ट सांगितली. डेवी रीस यांनी 293 विधवा-विधुरांना विचारलं होतं. 1971 मध्ये ते छापून आलं. जवळजवळ निम्म्यांना गेलेला जोडीदार जवळ असल्याचं जाणवलं होतं, कुणाला दिसला, कुणाला ऐकू आला. आणि बहुतेकांनी ते आधी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"टक्के किती?"

"46.7."

काकांनी वहीत लिहून घेतलं. खाली रेघ मारली. मग रडले, पहिल्यांदाच.

पुढच्या चार-पाच भेटी त्या दोन दिवसांवरच गेल्या. आयसीयूतून घरी नेलं असतं तर ऑक्सिजनचं काय झालं असतं, हे त्यांनी डॉक्टरांना जाऊन विचारलं. उत्तर ऐकून थोडं हलकं वाटलं, पूर्ण नाही. वही आता आणत नाहीत. सकाळी चहा मात्र अजून दोन कपांचा होतो. दुसरा कप कामाच्या मावशी आल्या की काका गरम करून त्यांना देतात, आणि मावशी रोज कुरकुरतात की यात साखरच नाही. काकूंना मधुमेह होता.