सिझर झालं, अँटिबायोटिकही दिलं, आता बाळाला ॲलर्जी होणारच का?

प्रश्न: बाळ पाच महिन्यांचं आहे. सिझर झालं, मग पंधराव्या दिवशी इन्फेक्शन झालं म्हणून अँटिबायोटिक द्यावं लागलं. आता गालांवर लाल खरखरीत चट्टे आलेत, डॉक्टर एक्झिमा म्हणाले. अशा बाळांच्या पोटात चांगले बॅक्टेरिया कमी असतात आणि पुढे दमा, फूड ॲलर्जी होते असं वाचलं. माझ्यामुळे झालं का हे? चांगल्या बॅक्टेरियांचे प्रोबायोटिक ड्रॉप्स देऊ का? – एक आई

उत्तर: ताई, तुमच्यामुळे काहीही झालेलं नाही. पंधरा दिवसांच्या बाळाचं इन्फेक्शन जिवावर बेतू शकतं, तेव्हा ते औषध द्यायलाच हवं होतं.

वाचलंत ते अगदी खोटं नाही, पण अर्धवट आहे. नॉर्मल डिलिव्हरीत बाळाला आईच्या आतड्यातले बॅक्टेरिया मिळतात, सिझरमध्ये सुरुवातीला त्वचेवरचे आणि हॉस्पिटलमधले जास्त येतात, पण हा फरक पुढच्या महिन्यांत बराच कमी होत जातो. २०१५ साली कॅनडातल्या ३१९ बाळांच्या अभ्यासात दिसलं की ज्यांना दम्याचा धोका जास्त होता त्यांच्या शीमध्ये तिसऱ्या महिन्यात चार प्रकारचे बॅक्टेरिया कमी होते, आणि वर्षाचं होईपर्यंत तो फरक जवळजवळ मिटला होता. म्हणजे पहिले काही महिने महत्त्वाचे असतात हे खरं, कारण कशावर चिडायचं आणि काय खपवून घ्यायचं हे इम्युनिटी तेव्हाच शिकत असते. पण हे झालं अनेक बाळांचं मिळून, त्यावरून तुमच्या एका बाळाचं भविष्य सांगता येत नाही. त्यामुळे शी तपासून ॲलर्जी सांगतो म्हणणाऱ्या महागड्या टेस्ट करू नका.

अंगावर पाजत असाल तर पाजत राहा. आईच्या दुधात शंभराहून जास्त प्रकारच्या अशा साखरा असतात ज्या बाळाला स्वतःला पचतच नाहीत, त्या पोटातल्या बिफिडोबॅक्टेरिया नावाच्या चांगल्या बॅक्टेरियांचं खाणं असतात (मला तर याचं दर वेळी नवल वाटतं). फॉर्म्युला देत असाल तरी अपराधी वाटून घेऊ नका.

आता एक्झिमा. माझ्या मते तुम्ही सगळ्यात जास्त लक्ष इथे द्यायला हवं, कारण फाटलेल्या त्वचेतून अन्नाचे कण आत गेले की शरीर त्यांना शत्रू समजायला लागतं आणि तेच कण पोटातून गेले तर बहुतेक वेळा ओळखीचे होतात. म्हणून रोज भरपूर मॉइश्चरायझर लावा, आणि डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइड मलम घाबरून अर्धवट सोडू नका.

ब्रिटनमध्ये ६४० बाळांवर ट्रायल झाली, सगळ्यांना जोरदार एक्झिमा नाहीतर अंड्याची ॲलर्जी होती. ज्यांना ४ ते ११ महिन्यांच्या वयापासून शेंगदाणा नियमित खाऊ घातला त्यांच्यात पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे ३ टक्के निघाली, आणि ज्यांना दिलाच नाही त्यांच्यात १७ टक्के. म्हणून शेंगदाणा, अंडं उगाच लांबवू नका. मात्र चट्टे जास्त असतील तर पहिला घास डॉक्टरांना विचारूनच द्या, आणि शेंगदाणा अगदी मऊ पातळ करून, अख्खा दाणा कधीच नाही, घशात अडकतो. खाल्ल्यावर ओठ-चेहरा सुजला, सारख्या उलट्या झाल्या किंवा धाप लागली तर लगेच इमर्जन्सीत न्या.

ड्रॉप्स नकोत. आधीच आलेल्या एक्झिमावर प्रोबायोटिकने फारसा फरक पडत नाही असंच दिसलंय, आणि बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल तर डॉक्टरांना न विचारता असं काही अजिबात देऊ नका, क्वचित ते बॅक्टेरिया रक्तात जाऊन गंभीर इन्फेक्शन होतं. त्यापेक्षा पुढच्या वेळी साध्या सर्दीवर कोणी अँटिबायोटिक लिहून दिलं तर "खरंच लागणार आहे का?" एवढं नक्की विचारा.